आधी गाईड मिटव

अरे, संविधानातलं नागरिकत्व शिकायचंय ना, मग ते परीक्षेचं गाईड बाजूला ठेव. केंद्राच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर संविधानाची मराठी प्रत फुकट मिळते, ती उतरवून घे. छापील घेतलीस तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव; मालवणच्या पावसात माझ्या प्रतीची पानं अशी चिकटली की जीविताच्या हक्काचा अनुच्छेद २१ ब्लेडने सोडवावा लागला!

नागरिकत्वाचा भाग दोन, अनुच्छेद ५ ते ११, एका बैठकीत होतो. पण त्यात मुख्यतः संविधान लागू झालं तेव्हा नागरिक कोण, एवढंच. पुढचं सगळं १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात, दुरुस्त्यांसकट. बहुतेक जण इथेच घसरतात. अडलास तर संविधान सभेतली ऑगस्ट १९४९ ची चर्चा वाच, भाषा जड आहे पण मजा येते.

आणि २६ जानेवारीची ग्रामसभा चुकवू नकोस. पाखाडीवरून, म्हणजे गावातल्या दगडी पायवाटेवरून, भांडण जुंपलं की ग्रामसभेचा अनुच्छेद २४३क समोर बसलेला दिसतो.