नवरा मारतो आणि घर सासूबाईंच्या नावावर आहे, तर मला निघावं लागेल का? (दांडिया बाजार, बडोदा)

नाही ताई, घर सासूबाईंच्या नावावर आहे एवढ्यावरून कायदेशीर प्रक्रिया केल्याशिवाय तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005च्या कलम 17 प्रमाणे ज्या घरात तुम्ही संसार केलात तिथं राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. मी कोर्टात हीच प्रकरणं चालवते. पुन्हा हात उगारला तर आधी 181 अभयम् ही गुजरातची महिला हेल्पलाइन लावा: फुकट, चोवीस तास, गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस येतात. मग संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे याच कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज. वकील विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य देतं, बाईचं उत्पन्न कितीही असो. अर्ज गुजरातीत असेल तर सही करण्याआधी एकेक ओळ मराठीत समजावून घ्या. मारहाणीची तारीख चुकली की समोरचा वकील तेच धरून बसतो. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकी नव्हे. सासूबाई वृद्ध असतील तर कोर्ट त्यांचीही बाजू बघतं, आणि नवऱ्याला तुमच्यासाठी वेगळी भाड्याची जागा घ्यायला सांगू शकतं.