स्ट्रीट फायटर २ या व्हिडिओ गेममध्ये गाइल या फायटरचा सॉनिक बूम (समोरच्यावर फेकायचा वार) कधी निघतो, कधी नुसता पंच बसतो. असं का?

मागची दिशा तुम्ही लवकर सोडताय, म्हणून. सॉनिक बूमसाठी मागे साधारण सेकंदभर दाबून धरावं लागतं, मग पुढे आणि पंच एकदम. मी कायम गाइलच घेतो. माझी स्टिक जवळपास सतत खाली-मागच्या कोपऱ्यात असते. तिथे खालचे वार ब्लॉक होतात, सॉनिक बूम आणि फ्लॅश किक (गाइलची उलटी उडी मारत बसणारी किक) दोन्ही चार्ज होत राहतात, म्हणजे दिशा दाबून धरल्याने तयार होत राहतात, मध्येच बसून किक मारली तरी चार्ज जात नाही. बूम सुटला रे सुटला की स्टिक परत त्याच कोपऱ्यात. सुरुवातीला हलका पंच वापरा, तो बूम सावकाश जातो आणि त्याच्या मागोमाग चालत जाता येतं, हीच गाइलची खरी मजा! फक्त समोरचा उडी मारून पलीकडे गेला की मागे-पुढे उलटतं, तेव्हा चार्ज नव्याने धरा.