एमओटीचा (ऑक्युपेशनल थेरपीतल्या मास्टर्सचा) अर्ज भरण्याआधी

अगं, इंटर्नशिप संपायची वाट बघू नकोस, सीईटीचा अभ्यास आत्ताच सुरू कर. पुणं सोडायचीही मनाची तयारी ठेव. केईएम, सायन, नायर ही तिन्ही मुंबईत. केईएममध्ये तर १९५० पासून ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण चालू आहे. पण नावावर जाऊ नकोस, आधी तिथली ओपीडी बघून ये. न्यूरो, हँड की लहान मुलं, तुझा जीव ज्यात रमतो त्याचे पेशंट भरपूर येतात का, ते तिथल्या पीजी विद्यार्थ्यांना विचार. गाईड कोण मिळेल, हेही.

परदेशी अर्ज करणार असशील तर एसओपीत (अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनात) ‘मला सेवेची आवड आहे’ छापाची वाक्यं नकोत. अर्धांगवायूनंतर स्वतः ब्लाउज घालायला शिकलेल्या आजींबद्दल लिही: लुळा हात बाहीत आधी घालायचा हे तू कसं शिकवलंस, त्या कुठे अडल्या, मग तू काय बदललंस.