वारा कुठून येतो, ते आधी बघा

प्रश्न : अमेरिकेतली लेचुगिया गुहा एका खड्ड्यातला राडारोडा उपसून सापडली, असं वाचलं. आमच्या घरात दोन पिढ्या विहिरी खणायचं काम होतं, म्हणून विचारतो. खाली पोकळी आहे हे त्यांना आधी कसं कळलं? आणि असल्या ढिगात खणताना अंगावर दगड येत नाहीत का?
– एक वाचक, वाई

उत्तर : वर्गात शिकवत होते तेव्हा पोरं गुहेची लांबी विचारायची, खोली विचारायची. खड्डा टिकतो कसा, हे कुणी विचारलं नाही. त्याला विहिरीवालाच हवा.

न्यू मेक्सिको राज्यातल्या कार्ल्सबॅड कॅव्हर्न्स राष्ट्रीय उद्यानात हा खड्डा आहे. १९१४ साली वटवाघळांची विष्ठा खत म्हणून काढायला तिथे कुणीतरी हक्क नोंदवला होता. माल फारसा निघाला नाही. नव्वद फूट खोल उतरायचं, पुढे जेमतेम चारशे फूट कोरडी वाट, की संपलं. १९५०च्या दशकात मात्र तिथे उतरलेल्यांना तळाच्या ढिगाखालून वाऱ्याचा घोंगावता आवाज ऐकू आला. सगळा पुरावा काय तो एवढाच.

पण हा पुरावा भक्कम असतो. बाहेर हवेचा दाब उतरला की आतली हवा बाहेर पडते, दाब चढला की बाहेरची आत ओढली जाते. मागे खोलीएवढीच पोकळी असेल तर दोन्हीकडचा दाब लगेच सारखा होतो आणि वारा थांबतो. चिंचोळ्या फटींतून जोराचा वारा तासन्‌तास वाहत राहिला, तर मागे प्रचंड जागा असलीच पाहिजे. नाहीतर एवढी हवा येणार कुठून? एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. डोंगराला वर आणि खाली अशी दोन तोंडं असली तरी वारा वाहतो, पण तो तापमानामुळे. हिवाळ्यात आतली उबदार हवा वरच्या तोंडातून निघते, उन्हाळ्यात आतली गार हवा खालच्या. म्हणून नुसता वारा लागला की फावडं उचलायचं नाही. दाबमापक जवळ ठेवायचा, वाऱ्याची दिशा टिपायची आणि ती ऋतूप्रमाणे बदलते की दाबाप्रमाणे, ते पाहायचं. माझ्या मते खणण्यातलं निम्मं काम हेच, आणि नेमका याचाच लोकांना कंटाळा असतो.

कोलोरॅडोतल्या गुहाशोधकांना उद्यानाकडून परवानगी मिळाली आणि १९८४ मध्ये उपसा सुरू झाला. २६ मे १९८६ रोजी ते ढिगापलीकडे पोचले. आजवर २४० किलोमीटरहून जास्त वाटा मोजून झाल्या आहेत. खोली सोळाशे फुटांच्या वर.

आता दगडांचं. येतात की अंगावर! विहीर तुम्ही अखंड जमिनीत खणता. इथे दगड एकमेकांच्या आधारानं अडकलेले असतात, आणि त्यातला कुठला दगड बाकीच्यांना तोलून आहे ते निघाल्यावरच कळतं. म्हणून वरून खाली यायचं, खालचा दगड ओढायचा नाही, आणि हातभर पुढे गेलं की आधी टेकू, मग पुढचं. इंग्लंडच्या मेंडिप टेकड्यांत तर एकेका खड्ड्यात वर्षानुवर्षं खणणारे गट आहेत. ते बांधकामाच्या परांचीचे लोखंडी पाइप आडवेउभे जोडतात आणि मागे दगड रचून बाजू बांधून काढतात; तुम्ही विहीर बांधता त्याच हिशेबानं. यारी लावायला जागा नसते, बादल्या हातोहात सरकतात. आणि काढलेला राडारोडा टाकायचा कुठे, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, नाहीतर परतीची वाट आपणच बुजवतो.

प्रश्न : एवढ्या कष्टानं उघडलेल्या गुहेला म्हणे पोलादी दार बसवलंय. का? आम्ही पुढच्या वर्षी मुलाकडे अमेरिकेला जाणार आहोत, बघायला मिळेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही मिळणार. शास्त्रीय काम आणि मोजणी करणाऱ्यांनाच परवानगी आहे. त्याच उद्यानातली कार्ल्सबॅडची मोठी गुहा पर्यटकांसाठी खुली आहे, ती जरूर पाहा.

दाराचं कारण पुन्हा वाराच. आत साधारण वीस अंश तापमान आणि जवळजवळ शंभर टक्के आर्द्रता. दगडमातीच्या ढिगानं हा वारा रोखून धरला होता. ढीग काढल्यावर बाहेरची वाळवंटी हवा मोकळी ये-जा करू लागली आणि गुहा कोरडी पडायचा धोका आला. म्हणून खणलेल्या आडात पोलादी नळी आणि हवाबंद दार. काहींना हा अतिरेक वाटतो, मला वाटत नाही. आत जिप्समची वीस-वीस फूट लांब झुंबरं लोंबतात, ती पुन्हा तयार व्हायची वाट कोण बघणार? आत जाणारे आखलेल्या पट्ट्यांमधूनच चालतात आणि स्वतःची विष्ठासुद्धा पिशवीत बांधून बाहेर आणतात.

शिवाय तिथल्या जिवाणूंचा माणसाशी कधी संबंध आलेला नव्हता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतले काही आपल्या दुकानात मिळणाऱ्या चौदा-चौदा प्रतिजैविकांना दाद देत नाहीत असं दिसलं. म्हणजे औषधांना तोंड देण्याची कला जिवाणूंकडे आपल्या औषधांच्या कितीतरी आधीपासून आहे. तिथे आपले जंतू नेऊन मिसळले तर पुढचा अभ्यासच संपला.

आणि हौशी माणसानं हट्ट धरू नये याचं आणखी एक कारण : १९९१ मध्ये आत एका अनुभवी गुहाशोधक बाईंचा पाय मोडला. त्यांना बाहेर काढायला चार दिवस लागले आणि शंभराहून जास्त माणसं.

इकडेच काही पाहायचं असेल तर आंध्रातलं बेलम आहे. तीन किलोमीटरहून लांब गुहा, त्यातली निम्मी दिव्यांच्या उजेडात चालत बघता येते. आत उकडतं, पाणी जवळ ठेवा.

प्रश्न : मी नववीत आहे. पावसाच्या पाण्यानं चुनखडक विरघळून गुहा होतात असं शिकलो. मग वाळवंटात एवढी मोठी गुहा कशी? आमच्या वणीला चुनखडक आहे, सह्याद्रीत का नाही?
– एक विद्यार्थी, वणी (यवतमाळ)

उत्तर : तू शिकलास ते बहुतेक गुहांना लागू आहे. लेचुगियात मात्र आम्ल खालून आलं. शेजारच्या तेलसाठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू फटींतून वर चढला, भूजलातल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडली आणि सल्फ्युरिक आम्ल झालं. त्यानं चाळीस ते साठ लाख वर्षांपूर्वी खडक आतून पोखरला. चुनखडकावर या आम्लाची क्रिया झाली की जिप्सम उरतं, ती झुंबरं त्याचीच. आत शिरणारी नदी नाही, बाहेर पडणारा झरा नाही, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. लागला तो वाऱ्यानंच.

सह्याद्री लाव्हाचा, बेसॉल्टचा. तो असा विरघळत नाही. अजिंठा-वेरूळ माणसांनी छिन्नीनं कोरलं. तुमच्याकडचा चुनखडक खूप जुना, समुद्रात साचलेला. पण नुसता चुनखडक असून भागत नाही. फटी हव्यात, पाणी शिरून पलीकडे निघून जायला उतार हवा. खाणीच्या जुन्या खड्ड्यांत मात्र शोध घ्यायला उतरू नकोस.

शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंसमोर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब चुनखडकावर टाक, दुसरा काळ्या दगडावर. पहिला फसफसेल. काळ्या दगडातले पांढरे ठिपके टाळ, ते कॅल्साइटचे असले तर तेही फसफसतील आणि तुझं मला भांडणाचं पत्र येईल.