डायरीवाल्याकडून पैसे घ्यावेत का?
इंदूरच्या राजवाड्याजवळ ठेला लावायचाय आणि डायरीवाल्याकडून, म्हणजे रोज हप्ता वसूल करणाऱ्या खासगी सावकाराकडून, 10,000 रुपये उचलायचेत म्हणतोस. आधी हिशेब बघ. हातात पडतात 9,000, कारण हजार तो ‘फाइल’च्या नावाने तिथेच कापतो. मग रोज 120, शंभर दिवस. झाले 12,000. तो म्हणेल, ‘वीस टक्केच तर आहे भिया!’ पण तू रोज थोडं मुद्दलही परत करतोयस, पैसा पूर्ण शंभर दिवस तुझ्याकडे राहतोय कुठे? नीट मांडलं तर व्याज वर्षाला दोनशे टक्क्यांच्या वर जातं.

मी घेतलंय, म्हणून सांगतो. रंगपंचमीच्या गेरआधी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीआधी, विकायला पिचकाऱ्यांचा माल भरला होता. माल चार दिवसांत उडाला, कर्ज परवडलं. पुढे पावसाळ्यात मात्र खोलीच्या भाड्यासाठी घेतलं. ठेला बंद असला तरी संध्याकाळी सहाला त्याची मोटरसायकल दारात. हिने डाळीच्या डब्यात लपवलेले पैसे काढून दिले. त्यामुळे माल विकून लगेच सुटणारा पैसा असेल तरच घे; भाडं, आजारपण, जुना हप्ता यांसाठी नको.

घरात सोनं असेल तर बँकेत गहाण ठेव, कितीतरी स्वस्त पडतं. लाजायचं काय त्यात? नगर निगममध्ये पीएम स्वनिधी या ठेलेवाल्यांसाठीच्या सरकारी कर्जयोजनेचीही चौकशी कर: पहिलं कर्ज 15,000 पर्यंत, हप्ते वेळेवर भरलेस तर व्याजावर 7 टक्के अनुदान. अ‍ॅपवरून घेणार असशील तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे कर्जाचा सगळा खर्च लिहिलेला कागद, त्यातला वार्षिक दर वाच. तो कागदच दाखवत नसतील तर अ‍ॅप उडवून टाक.