पहिली पंधरा मिनिटं कॅज्युअल्टीच्या दारातली

डॉक्टर, तुमचं उपजिल्हा रुग्णालय नाशिकच्या वाटेवर आहे, 2027 च्या सिंहस्थाआधी, एकाच वेळी खूप जखमी आले तर काय करायचं यासाठी स्टाफ तयार करायचं काम अधीक्षकांनी तुमच्यावर सोपवलंय, आणि गेल्या वेळचं मॉक ड्रिल सकाळी अकरा वाजता फोटो काढून संपलं. आता शिकवायचं काय आणि कुणाला, असं तुम्ही विचारलंय. मी 31 वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. त्या अनुभवावरून सांगते.

आधी कुणाला, ते. रात्रपाळीला. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. त्या वेळेला तुमच्या इमारतीत कोण असतं ते मोजून बघा. एक मेडिकल ऑफिसर, कॅज्युअल्टीला एक सिस्टर, वॉर्डांत दोघी-तिघी, एक मामा म्हणजे वॉर्डबॉय, एक मावशी म्हणजे आया, गेटवर सिक्युरिटी. बाहेरून कुणी येईपर्यंत सगळा भार यांच्यावरच असतो. म्हणून सर्जन आणि मेट्रन यांच्याइतकंच मामा-मावशींना शिकवा. गर्दीत ट्रॉली कुठे न्यायची हे शेवटी तेच ठरवतात.

आता काय शिकवायचं. एका रात्री आमच्या भागात घाटात बस उलटली. आमच्याकडे पहिली आली ती कुणाचीतरी जीप, ॲम्ब्युलन्स नव्हे. त्यात हात मोडलेला एक तरुण जिवाच्या आकांताने ओरडत होता. आम्ही चौघं त्याच्याभोवती. बाकावर एका आजीला आणून बसवलं होतं, डोक्यावर पदर, तोंडातून शब्द नाही. मी तिच्यासमोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा हात धरला तर हात गार, मनगटाला नाडी लागेना. पोटात रक्तस्राव झाला होता. ती गेली. ट्रायाज, म्हणजे आधी कुणाला बघायचं याची वर्गवारी, हा शब्द तेव्हा आम्हाला कुणी शिकवला नव्हता. तो पदर मला अजून दिसतो.

तर शिकवायचं हेच. दारात एक जण उभा राहील आणि फक्त वर्गवारी करेल. जो चालू शकतो त्याला हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या खोलीत पाठवायचं. उरलेल्यांत श्वास बघायचा. नसेल तर मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास सुरू झाला तर लाल, म्हणजे याला सगळ्यांत आधी; तरीही नाही तर काळी, म्हणजे आता हाती काही नाही. श्वास मिनिटाला 30 च्या वर असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. साधी सूचना पाळता येत नसेल तर लाल. बाकी सगळे पिवळे, म्हणजे लाल झाल्यावर यांचा नंबर. एका माणसाला अर्धं मिनिट, जास्तीत जास्त एक. उपचार दोनच, श्वासमार्ग मोकळा करणं आणि वाहतं रक्त दाबून धरणं. लहान मुलांचा श्वास मुळातच जलद असतो, तिथे हा 30 चा आकडा लावू नका.

सिंहस्थासाठी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. बंगालहून किंवा आंध्रातून आलेल्या यात्रेकरूला ‘हात दाबा’ म्हटलेलं कळणारच नाही, आणि तो उगाच लाल ठरेल. स्वतःची मूठ उघडून-मिटून दाखवा, तो तसं करतो का बघा.

27 ऑगस्ट 2003 ला नाशिकच्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. अशा गर्दीत छातीवर दाब येऊन श्वास कोंडतो. अंगावर जखम दिसत नाही, रक्त नाही, आवाज नाही. तुमच्याकडे येणारे असेच गप्प असतील, माझ्या त्या आजीसारखे. स्टाफला हे दहादा सांगा.

घटनास्थळी ट्रायाज होऊन येईल या भरवशावरही राहू नका. मुंबईत 11 जुलै 2006 ला अकरा मिनिटांत लोकलमध्ये सात स्फोट झाले, तेव्हा लोकांनी जखमींना चादरींत घालून, मिळेल त्या गाडीने नेलं. लोक थांबत नाहीत, थांबूही नये. त्यामुळे कमी लागलेले आधी पोचतात आणि तुमच्या सगळ्या खाटा भरतात. गंभीर माणूस मागून येतो, तेव्हा त्याला जागा नसते. हिरव्यांची खोली कॅज्युअल्टीपासून लांब हवी ती याच कारणासाठी.

ड्रिलसाठी नर्सिंगच्या मुली पेशंट करा. प्रत्येकीच्या अंगावर कागद लावा: ‘श्वास 34, नाडी लागते, बोललेलं कळतं.’ दोघींना मुद्दाम खूप ओरडायला सांगा, एकीला भिंतीला टेकून गप्प बसवा. नातेवाईक म्हणून चार जण दारात गोंधळ घालू देत. केसपेपर आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची नोंद, नंतर. आधी मनगटावर मार्करने नंबर. आणि हे रात्री दोनला करा, तारीख न सांगता. वॉर्डातल्या खऱ्या पेशंटना मात्र संध्याकाळीच कल्पना द्या, नाहीतर बिचारे घाबरतील.

काळी पट्टी बांधणं सगळ्यांत अवघड. ड्रिलमध्येसुद्धा हात थांबतो. माझ्या एका ज्युनिअर सिस्टरने पट्टी हातात घेतली आणि रडायला लागली. तिला रागावू नका, दारातून हलवू नका, शेजारी उभे राहा. ही वेळ खरी येण्याआधी एकदा येऊन गेलेली बरी.

ड्रिल संपल्यावर चहा घ्या आणि पहिल्यांदा मामांना विचारा की काय अडलं. आमच्याकडे विचारलं तेव्हा मामा म्हणाले, ‘सिस्टर, कॅज्युअल्टीच्या दाराचं दुसरं पान उघडतच नाही. ट्रॉली जाते, पण सलाइन धरणाऱ्याला बाजूला व्हावं लागतं.’ वरची कडी गंजून बसली होती, कित्येक वर्षं. रोज तिथून जाणाऱ्या आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. सुतार त्याच दुपारी बोलावला.