विमा विचारा : सहा माणसं आणि एक पॉलिसी

प्रश्न : ताई, मी नाशिकला रंगकामाचे ठेके घेतो. चार रंगारी, दोन हेल्पर. रंगाऱ्याला ९०० रुपये हजेरी, हेल्परला ६००. दिवाळीच्या तोंडावर माणसं दहा-बारा होतात. नव्या साइटवर बिल्डरचा इंजिनीअर अडून बसलाय, ‘डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा) आणा, नाहीतर गेटपास नाही.’ मी पोरांचा बँकेतून वर्षाला २० रुपयांचा विमा काढून दिलाय, तो चालत नाही म्हणतो. एजंट म्हणतो, पगार ८,००० दाखवा, हप्ता निम्म्यावर येईल. ही पॉलिसी सक्तीची आहे का? खर्च किती? शिवाय एक रंगारी रात्री घेतो, सकाळी वास येतो. तो पडला तर जबाबदारी माझी कशी?
— रंगकाम ठेकेदार, नाशिक

उत्तर : भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळे ठेकेदार तिथेच फसतात. दारूच्या अमलाखाली अपघात झाला तर मालक सुटतो, हे अर्धंच खरं. माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ती सबब चालत नाही. वास येतो म्हणता ना? मग त्या दिवशी त्याला परांचीवर चढवू नका. खाली पुट्टी घासायला बसवा.

आता सक्तीचं. आधी १९२३ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण गाभा तोच आहे. कामावर, कामामुळे माणसाला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. चूक कोणाची, हे सहसा बघत नाहीत. पॉलिसी काढाच असं तिथे म्हटलेलं नाही, पण पॉलिसी नसली म्हणून देणं टळत नाही. बिल्डर अडून बसतो कारण तुमच्या माणसाचं कुटुंब थेट त्याच्याकडेही भरपाई मागू शकतं. ती दिल्यावर तो तुमच्याकडून वसूल करणार, आणि तुमच्या खिशात तेवढे नसणार हे त्याला ठाऊक आहे.

किती असते ती रक्कम? मृत्यू असेल तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. पगार कितीही असला तरी हिशोबाला महिना १५,००० पर्यंतच धरतात. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५,५९,८५०. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी साठ टक्के. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. भरपाई महिनाभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. हा दंड पॉलिसीतून मिळत नाही. तो तुमच्याच खिशातून जातो.

तुमच्या एजंटचे ८,००० कुठून आले ते सांगते. ती जुनी मर्यादा. ३ जानेवारी २०२० ला ती १५,००० झाली, त्याआधीच हे गृहस्थ झोपी गेले असावेत. आठ हजारावर तीच भरपाई ८,३१,९२० येते. कंपनी तुम्ही लिहून दिलेल्या पगाराच्या प्रमाणात हात आखडता घेते, आणि उरलेले ७,२७,९३० तुमच्या गळ्यात.

मी दाव्यांच्या टेबलावर २६ वर्षं काढली. एकदा एका फॅब्रिकेशनवाल्याने हजेरी वही आणून ठेवली. पंचवीस दिवसांचे ‘ह’ एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत काढलेले. चहाचा एकही डाग नाही, वेल्डिंगच्या शॉपमधली वही! पान अंगठ्याने घासलं तर शाई पसरली. मयत माणूस मात्र खराच होता, त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसलेली. त्या दाव्याला दीड वर्ष लागलं. वही रोजच्या रोज भरा, मळली तर मळू द्या. उचल दिलीत तर तीही तिथेच लिहा आणि सही घ्या.

खर्चाचं. दर कंपनीगणिक आणि कामागणिक बदलतो. उंचीवरच्या कामाला जास्त, ऑफिसात बसणाऱ्याला अगदी कमी. हप्ता माणसांवर नाही, वर्षाच्या एकूण मजुरीवर बसतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर तुमचे चार रंगारी आणि दोन हेल्पर मिळून वर्षाला १४,९७,६०० होतात. समजा दर शेकडा दीड रुपया लागला, तर २२,४६४, वर १८ टक्के जीएसटी, सगळे मिळून साधारण २६,५०० रुपये. हजेरीमागे १४ रुपये पडले. तुम्ही पोरांना पाजता त्या सकाळ-संध्याकाळच्या चहाला जास्त जात असतील. वर्षाअखेर प्रत्यक्ष मजुरी कळवली की हप्ता मागेपुढे होतो, म्हणून सुरुवातीला अंदाज खराच द्या. कोटेशनमध्ये हा खर्च वेगळा धरा. चौरस फुटाच्या भावात तो कुठे विरघळतो ते कळतही नाही.

कागद हातात आला की चार ओळी स्वतः वाचा, एजंटला वाचून दाखवायला सांगू नका. कामाचं वर्णन ‘इंटिरिअर पेंटिंग’ एवढंच असेल आणि तुम्ही बाहेरून झुल्यावर काम करत असाल, तर ती पॉलिसी फ्रेम करून भिंतीवर लावायच्या लायकीची. जागेच्या रकान्यात एकाच साइटचं नाव नको. महाराष्ट्रातल्या सगळ्या साइट असं लिहून घ्या. दवाखान्याच्या खर्चाला मर्यादा असते, ती जादा पैसे भरून वाढवून घ्या. मोडलेल्या मांडीत रॉड घालायचं बिल काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि बाहेरची बाजू तुम्ही दोरीवाल्यांच्या टोळीला देत असाल, तर त्यांच्या बाबतीत तुम्हीच बिल्डर. पोटठेकेदाराची माणसं पॉलिसीत वेगळी घालून घ्यावी लागतात.

दिवाळीच्या दहा-बारा माणसांबद्दल तुम्ही सहज लिहिलंत, माझी नजर तिथेच अडकली. माणसं दहा झाली की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं, आणि पुढे सहा उरली तरी ते सुटत नाही. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. गंमत अशी की ते महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला. तुमचा हेल्पर १५,६०० वर, तो आत. रंगारी २३,४०० वर, तो बाहेर. हेल्परला ईएसआय आणि रंगाऱ्याला डब्ल्यूसी, अशी दोन्ही कागदपत्रं एकाच परांचीवर सांभाळायची.

वीस रुपयांचा विमा चालू ठेवा, चांगलं केलंत. त्याचे दोन लाख कामगाराचे स्वतःचे, तुमच्या देण्यातून ते वजा होत नाहीत. वर्षात ९० दिवस काम केलेल्या प्रत्येकाची बांधकाम कामगार मंडळात नोंदणीही करा.

एक विनंती. वाईट घडलंच, तर घरच्यांच्या हातात पाकीट ठेवून स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेऊ नका. मृत्यूची भरपाई सरकारी प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. हातात दिलेल्यापैकी फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वळती होते, आणि तो स्टॅम्पपेपर कायद्यात बसत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं बाहेरचं रंगकाम निघालंय. ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पॉलिसीचा फोटो पाठवला. तेवढं पुरे का?
— सोसायटी सचिव, ठाणे

उत्तर : फोटोत पहिलंच पान असतं. पूर्ण प्रत मागा आणि पॉलिसी क्रमांक कंपनीच्या शाखेत फोन करून पडताळा. कागदावर सहा माणसं आणि झुल्यावर अकरा, असं असेल तर काम थांबवा. मुदतही बघा. मे महिन्यात सुरू झालेलं काम पावसात बंद पडतं, पॉलिसी मधेच संपते, आणि ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. दसऱ्याला पुन्हा परांची बांधायला माणसं आली, की आधी नवी प्रत हातात घ्या, मग त्यांना गच्चीची किल्ली द्या.